कुंडीतल्या झाडाचे पाणी: मुळापासून पानापर्यंत, मुंबईच्या हवेत

मुंबईतल्या बहुतेक घरांत कुंड्यांना पाणी घालण्याचा नेम ठरलेला असतो. सकाळी नळाला पाणी आले, की बादल्या भरता भरता प्रत्येक कुंडीत एक तांब्या ओतायचा, मग महिना मार्चचा असो वा जुलैचा. अशा घरातली तुळस मार्चमध्ये सुकते आणि जुलैमध्ये सडते, आणि दोन्ही वेळा खापर नर्सरीवाल्याच्या मातीवर फुटते. वास्तविक झाडाला दिवसभरात किती पाणी लागणार हे मुख्यतः पानांभोवतीची हवा आणि ऊन ठरवतात, तर कुंडीत असलेले पाणी झाडाला घेता येईल की नाही हे मुळांभोवतीची, म्हणजे मातीच्या पोकळ्यांतली हवा ठरवते. या दोन हवांचा अंदाज आला, की पाणी केव्हा आणि किती घालावे हा प्रश्न बराच सोपा होतो. म्हणून या लेखात आधी पाण्याचा मार्ग, मग कुंडी व मोजमाप आणि त्यानंतर रोजचे काम, असा क्रम ठेवला आहे.

पाणी शिरते कुठून आणि चढते कसे

मुळांचा जाड, तपकिरी भाग झाडाला धरून ठेवतो. पाणी घेण्याचे बरेचसे काम कोवळी, पांढरी टोके करतात. टोकाच्या थोडे मागे मूलरोमांचा पट्टा असतो. प्रत्येक मूलरोम म्हणजे मुळाच्या बाह्यत्वचेतल्या एकाच पेशीला फुटलेला बारीक धागा. तो मातीच्या कणांमधल्या फटींत शिरतो आणि कणांना चिकटलेल्या पाण्याच्या थरापर्यंत पोचतो. त्याचे आयुष्य काही दिवसांपासून काही आठवड्यांचे असते, त्यामुळे मूळ वाढत राहिले तरच नवे मूलरोम येत राहतात. पेशीच्या आतले पाणी क्षार आणि शर्करा विरघळल्यामुळे बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असते, म्हणून परासरणाने, म्हणजे पातळ पाणी पटलातून दाट पाण्याकडे ओढले जाते त्या क्रियेने, बाहेरचे पाणी आत येते. पुढे मुळाच्या गाभ्याभोवती पेशींचे एक कडे असते आणि त्या पेशींच्या भिंतींत पाण्याला अडवणारी मेणचट पट्टी असते. तिथे पाण्याला पेशींमधल्या फटींतून निसटता येत नाही. जिवंत पेशीच्या पटलातूनच जावे लागते. झाडात काय जाऊ द्यायचे आणि काय अडवायचे याची तपासणी याच नाक्यावर होते.

या पटलांत पाण्यासाठी प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात आणि त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुंडीबागेच्या दृष्टीने त्यांचा एक गुण फार महत्त्वाचा आहे: मुळांना ऑक्सिजन कमी पडू लागला, की ही द्वारे मिटू लागतात. म्हणजे माती चिखल झालेली असतानाही झाड तहानेने कोमेजू शकते. पावसाळ्यात नेमके हेच घडते, आणि त्यावर घरातली माणसे आणखी एक तांब्या पाणी ओततात.

मुळातून आत आलेले पाणी जलवाहिन्यांतून वर चढते. या वाहिन्या मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या आहेत. त्यांत ढकलणारे असे कोणी नसते. सोसायटीच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला खाली घरघरणारा पंप लागतो, आणि कुंपणालगतचा तितकाच उंच नारळ मात्र तेच काम आवाज न करता दिवसभर करतो. वरून शोषून घेणारा पंप सुमारे १० मीटरच्या वर पाणी ओढू शकत नाही, म्हणून नारळाचे हे कोडे शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ पडलेले होते. १८९० च्या दशकात एडुआर्ट श्ट्रासबुर्गर यांनी झाडांच्या खोडात विषारी द्रव चढवून जिवंत पेशी मारल्या, तरी पाणी वर चढतच राहिले. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी याचे उत्तर मांडले: पानातून पाण्याची वाफ बाहेर गेली, की मागच्या पाण्यावर ताण येतो, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की हा ताण अखंड धाग्यासारखा मुळापर्यंत पोचतो. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी खोडातल्या जिवंत पेशींच्या स्पंदनामुळे रस चढतो असे प्रतिपादन केले होते. त्यांच्या उपकरणांचे कौतुक आजही होते, पण ही उपपत्ती टिकली नाही. पाणी वर ओढणारी शक्ती शेवटी ऊन आणि कोरडी हवा यांचीच आहे, झाड फक्त मार्ग उघडा ठेवते.

मुळांकडून खालून ढकलण्याचाही थोडा जोर असतो, पण तो काही मीटरपुरताच. तो पाहायचा असेल तर पावसाळ्यातल्या सकाळी अळूचे पान पाहावे. रात्री हवा दमट असते, वाफ बाहेर जात नाही, माती मात्र ओली असते. मग मुळांच्या दाबाने आलेले पाणी पानाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून थेंबाथेंबाने बाहेर पडते. एक थेंब फुगतो, पडतो आणि त्याच जागी दुसरा तयार होऊ लागतो. पाऊस नसताना, छपराखालच्या अळूवरही हे दिसते, म्हणजे ते दव नव्हे. याला बिंदुस्राव म्हणतात, आणि अळूची मुळे ठणठणीत असल्याची ती खूण आहे.

घेतलेल्या पाण्याचे झाड काय करते

मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी साधारण ९७ टक्के किंवा त्याहूनही अधिक पाणी पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, वाफ होऊन निघून जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. प्रकाशसंश्लेषणाच्या रासायनिक क्रियेत लागणारे पाणी एक टक्काही नसते, मात्र त्याचे महत्त्व त्या प्रमाणात मोजता येत नाही. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, तर याच पाण्यातून सुटतो हे रुबेन आणि केमन यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन वापरून दाखवले.

इतके पाणी झाड उधळते असे वाटेल, पण त्याला गत्यंतर नसते. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्र उघडावे लागते, आणि उघड्या दारातून वाफ बाहेर जाणारच. या दाराच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरले की त्यांत पाणी येते, त्या फुगून वाकतात आणि रंध्र उघडते; पाणी उतरले की मिटते. माती सुकू लागली, की झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि दारे मिटवण्याचा निरोप पानांपर्यंत जातो. शिवाय वाफ होताना पान थंड होते, आणि मातीतले नायट्रेट, कॅल्शियम वगैरे याच प्रवाहाबरोबर वर येतात. उरलेले थोडे पाणी पेशी फुगवून ठेवते, आणि कोवळ्या देठांचा ताठपणा त्यावरच असतो. मलूल झालेली कोथिंबीर पाण्यात ठेवली की पुन्हा उभी राहते ती यामुळेच.

जलवाहिन्या डोळ्यांनी पाहायच्या असतील तर तेरड्याइतके सोयीचे झाड नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत दादरच्या फुलबाजारात तेरड्याच्या जुड्या मिळतात. त्यातली पांढऱ्या फुलांची, फिकट दांड्याची एक काडी निवडावी. पाण्याखाली धरून तिचे टोक धारदार सुरीने तिरपे कापावे, म्हणजे वाहिनीत हवेचा बुडबुडा अडकत नाही. मग ती लाल शाई किंवा खाण्याचा रंग घातलेल्या पाण्यात, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावी. काही वेळाने पारदर्शक दांड्यातून लाल रेघा वर सरकताना दिसतात. अशीच दुसरी काडी प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून शेजारी ठेवली, तर तिच्यातल्या रेघा मागे राहतात. घरात मुले असतील तर हा प्रयोग अवश्य करावा. सगळे बाष्पोच्छ्वासाचे प्रकरण त्यात येऊन जाते.

पहिली पायरी: मुळांना हवा मिळेल अशी कुंडी भरणे

पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपटींनी कमी असतो. मातीच्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की मुळांचा श्वास कोंडतो, आणि कोंडलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरशी बसतात. म्हणून पाणी घालण्याचा विचार कुंडी भरण्यापासून करावा लागतो.

नर्सरीत मिळणारी लाल माती नुसती वापरली, तर दोन-चार महिन्यांत ती दगडासारखी बसते. लाल माती चार भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत दोन भाग आणि जाड रेती किंवा विटांचा चुरा दोन भाग, हे मिश्रण मुंबईत बहुतेक फुलझाडांना आणि भाज्यांना चालते. कोरफड, निवडुंग यांसाठी रेती-विटांचा वाटा निम्म्यापर्यंत न्यावा.

कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा खापऱ्यांचा जाड थर घालण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि ती सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. बारीक पोकळ्यांच्या मातीतून पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजी उतरत नाही. माती पुरेपूर भिजेपर्यंत ते वरच अडून राहते. त्यामुळे ओल्या चिखलाचा थर तळाशी राहण्याऐवजी खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी उपडी ठेवणे पुरेसे आहे. उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी बरी, कारण तळाचा हा ओला थर कुंडी कशीही असली तरी तेवढ्याच उंचीचा राहतो. सहा इंची कुंडीत तो मोठा हिस्सा व्यापतो, बारा इंचीत लहान.

मातीची कुंडी बाजूंनीही पाणी सोडते आणि मुळे थंड ठेवते. धारावीच्या कुंभारवाड्यात साध्या, न रंगवलेल्या कुंड्या मिळतात, त्याच घ्याव्यात. बाहेरून ऑइलपेंट लावला, की त्यांचा हा गुण जातो. प्लॅस्टिकची कुंडी पाणी धरून ठेवते, म्हणून ती मार्चमध्ये सोयीची आणि जुलैमध्ये धोक्याची. ग्रिलवर वजन पेलण्याचा प्रश्न असतो, त्यामुळे प्लॅस्टिक टाळता येत नाही हे खरे. मग मिश्रणात रेतीऐवजी परलाइट (तापवून फुगवलेले हलके, पांढरे खडे) घालावे आणि छिद्रे वाढवून घ्यावीत.

दुसरी पायरी: वजन करून झाडाचा खर्च मोजणे

पाण्याचा अंदाज घेण्याच्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत भरवशाची आहे, आणि सर्वांत जुनीही. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने सूर्यफुलाच्या कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद करून तिचे रोज वजन केले आणि झाड दिवसाला किती पाणी उडवते ते शोधून १७२७ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याला शिशाचा पत्रा नको. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणि कुंडीला अडकवायला मजबूत दोरीचे शिंके एवढे पुरते.

संध्याकाळी कुंडी पूर्ण भिजवावी, पाणी ठिबकायचे थांबू द्यावे आणि वजन करावे. समजा, दहा इंची कुंडीतली तुळस ९.२ किलो भरली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, मध्ये पाणी न घालता, ती ८.८ किलो भरली. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा झाड आणि माती यांनी मिळून ४०० मिलिलिटर पाणी उडवले. आता पाणी न घालताच रोज वजन करत राहावे, आणि पाने पहिल्यांदा किंचित मान टाकतील त्या वेळचे वजन लिहून ठेवावे. ते ७.२ किलो आले तर या कुंडीत झाडाला वापरता येण्याजोगे पाणी दोन लिटर आहे. त्यातले निम्मे संपले, म्हणजे काटा ८.२ किलोवर आला, की पाणी द्यावे. ४०० मिलिलिटरच्या खर्चाने ती वेळ अडीच दिवसांनी येते. रोजच्या एका तांब्याचा नेम इथेच मोडतो.

प्रत्येक कुंडीचे असे वजन कोणी करणार नाही आणि त्याची गरजही नाही. गॅलरीतल्या तीन-चार प्रकारच्या झाडांचे एकदा मार्चमध्ये, एकदा जुलैमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये केले, की हाताला सवय होते, आणि पुढे कुंडी थोडी तिरपी करून उचलली तरी कळते. ग्रिलमधल्या ज्या कुंड्या हलवता येत नाहीत त्यांच्यात अगरबत्तीची उरलेली काडी बोटभर खोल खुपसून पाहावी. माती चिकटून आली तर थांबावे.

तिसरी पायरी: महिन्याऐवजी हवा पाहणे

पानातली हवा जवळजवळ पूर्ण दमट असते. बाहेरची हवा तिच्या तुलनेत जितकी कोरडी, तितकी ओढ जास्त. ही ओढ बाष्पदाबाच्या तुटीने, म्हणजे हवा आणखी किती वाफ सामावू शकते यावरून, किलोपास्कल या दाबाच्या एककात मोजतात. जुलैतल्या पावसाळी दिवशी तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर ही तूट सुमारे ०.४ किलोपास्कल असते. मेमध्ये ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला ती १.९ च्या आसपास जाते. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले आणि समुद्रावरचे खारे वारे दुपारी उशिरा सुटले, तर मुंबईचे तापमान ३८ अंशांवर आणि आर्द्रता २५ टक्क्यांवर येऊ शकते; तेव्हा तूट ५ किलोपास्कलच्या घरात असते. म्हणजे घामाने जीव नकोसा करणाऱ्या मे महिन्यापेक्षा, आपल्याला सुसह्य वाटणारी मार्चमधली कोरडी दुपार झाडाला किती तरी अधिक जाचक असते. आपल्याला घाम वाळत नाही म्हणून त्रास होतो, आणि झाडाचे पाणी फार लवकर वाळते म्हणून त्याला त्रास होतो. या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. अर्थात ओढ दहापट झाली म्हणून खर्च दहापट होत नाही, कारण झाड मध्येच पर्णरंध्रे मिटते. पण मग वाढही थांबते.

यावरून व्यवहार असा ठरतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून हवामानाच्या बातमीत आर्द्रता खाली आणि पारा वर गेलेला दिसला, की त्या दिवसांपुरते पाणी वाढवावे, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि पश्चिमेच्या खिडकीवर हिरवी जाळी बांधावी. मातीवर सुक्या पानांचे किंवा नारळाच्या शेंड्यांचे आच्छादन घातले, की नुसते मातीतून उडणारे पाणी वाचते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला साग याच सुमारास पाने टाकून खर्चच बंद करतो. आपल्या कुंडीतले झाड खालची पाने पिवळी करून गाळते, तेव्हा तेही हाच मार्ग चोखाळत असते, म्हणून चार पाने गळली की खत घालण्याची घाई करू नये. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यातही मार्चसारखीच, जराशी सौम्य काळजी घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत खर्च उतरतो.

पावसाळ्यात हिशेब उलटतो. १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या कुंडीत सात लिटर पाणी पडते, आणि त्या दिवशी झाडाची गरज पाव लिटरही नसते. मुंबईत असे दिवस जुलैमध्ये सलग येतात. पाऊस सुरू झाला, की सर्व कुंड्यांखालच्या ताटल्या काढाव्यात, कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवाव्यात आणि छिद्रांत काडी घालून ती मोकळी करावीत. ताटलीतल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डासही होतात, त्यामुळे ज्यांना खालच्या मजल्यावरच्या तक्रारींमुळे ताटली ठेवणे भाग आहे त्यांनी ती आठवड्याला किमान एकदा रिकामी करून घासावी.

कोरफड, निवडुंग, पानफुटी, अननस, स्नेक प्लांट ही मंडळी पर्णरंध्रे रात्री उघडतात आणि दिवसा मिटून घेतात, म्हणून त्यांचा खर्च मुळातच थोडा असतो. त्यांना जूनमध्ये छपराखाली घ्यावे आणि सप्टेंबरपर्यंत जवळजवळ विसरून जावे.

चौथी पायरी: पाणी प्रत्यक्ष घालणे

रोज थोडे शिंपडण्यापेक्षा एकदा पूर्ण भिजवून मग सुकू देणे चांगले, कारण पाणी खालून निघून जाताना मागे ताजी हवा मातीत ओढली जाते. तळाच्या छिद्रातून दिलेल्या पाण्याचा साधारण दहावा हिस्सा बाहेर येईपर्यंत, दोन हप्त्यांत, सावकाश घालावे. वेळ सकाळची उत्तम, कारण त्यानंतर दिवसभर झाडाची ओढ चालू असते; संध्याकाळी पाने भिजली तर दमट रात्रीत ती वाळत नाहीत आणि बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीच्या टाकीतून येणारे पाणी हात पोळेल इतके तापलेले असते. ते बादलीत काढून निवल्याशिवाय घालू नये.

कोकोपीट एकदा कडकडीत सुकले, की पाणी झिडकारते. वरून ओतलेले पाणी माती आणि कुंडी यांच्या फटीतून लगेच खाली येते, पाहणाऱ्याला कुंडी भरली असे वाटते आणि मुळांचा गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी बादलीभर पाण्यात, मातीच्या पातळीपर्यंत बुडवावी. आधी बुडबुड्यांची रांग लागते. ते यायचे थांबले की काढून निथळत ठेवावी.

पाचवी पायरी: कोमेजण्याची भाषा ओळखणे

दुपारी दोनला जास्वंदीने पाने पाडली आणि संध्याकाळी ती पुन्हा वर आली, तर काही करायचे नाही. खर्च आवकेपेक्षा तात्पुरता वाढला होता, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी पहाटेही पाने खालीच असतील, तर माती पाहावी. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. माती ओली असून पाने पडलेली असतील, तर ते मुळांचे दुखणे आहे, आणि तिथे पाणी हे विष आहे.

अशा वेळी कुंडी आडवी करून मुळांचा गोळा बाहेर काढावा. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट बदामी, टणक आणि मातीच्या वासाचे असते. कुजलेले मूळ काळपट असते, चिमटीत धरून ओढले की साल निसटून आतला दोरा हातात येतो, आणि गटारासारखा वास येतो. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापावा, गोळा काही तास वर्तमानपत्रावर सावलीत ठेवावा आणि लहान कुंडीत, नव्या, अधिक रेतीच्या मिश्रणात लावावा. मुळे जितकी गेली तितकी पानेही कमी करावीत, कारण उरलेल्या मुळांना पूर्वीइतका पसारा पोसता येत नाही. ओंजळभर पाणी घालून मग आठवडाभर सावली.

मनीप्लँट बाटलीत पाण्यातच वाढतो, मग त्याची मुळे का कुजत नाहीत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पाण्यात फुटलेल्या मुळांत हवेच्या पोकळ्या तयार होतात आणि त्यांतून ऑक्सिजन खाली पोचतो. भाताला आणि अळूलाही हीच सोय आहे. मातीत वाढलेल्या मुळांना ती नसते, म्हणून कुंडीतला मनीप्लँट एकदम बाटलीत टाकला, तर जुनी मुळे बहुधा जातात आणि नवी फुटेपर्यंत तो रुसलेला राहतो.

सहावी पायरी: कुंडी बदलताना

मूलरोम इतके नाजूक असतात, की रोप उपटून हलवले तरी बरेचसे तुटतात. त्यामुळे कुंडी बदलल्यावर माती ओली असूनही झाड मलूल होते. हे काम जूनच्या पहिल्या सरींनंतर हवा दमट झाली की करावे, गोळा न फोडता करावे आणि चार-पाच दिवस रोप सावलीत ठेवावे. मार्चमध्ये कुंडी बदलू नये.

सातवी पायरी: क्षारांवर लक्ष

मातीच्या कुंडीवर पांढरे पापुद्रे दिसू लागले, की पाण्यात किंवा खतात क्षार जास्त आहेत असे समजावे. मातीतले पाणी दाट झाले, की परासरणाने ते आत ओढणे झाडाला कठीण जाते. पानांच्या कडा करपतात आणि ओल्या मातीतही झाड तहानलेले राहते. महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांतून येते आणि त्यात क्षार थोडे असतात. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी, विशेषतः किनाऱ्याजवळच्या इमारतींत, खारट निघू शकते, आणि तेच पाणी शुद्धीकरण यंत्रात घातल्यावर बाहेर टाकले जाणारे पाणी तर आणखी खारट असते; ते कुंड्यांना घालू नये. एसीतून ठिबकणारे पाणी उलट जवळजवळ क्षारमुक्त असते. यंत्र स्वच्छ असेल, तर ते निःशंकपणे वापरावे.

पापुद्रे दिसले, की वरची बोटभर माती खरवडून काढावी आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी सावकाश ओतून निथळू द्यावे. उघड्यावरच्या कुंड्यांचे हे काम पाऊस फुकट करतो. गॅलरीतल्या कुंड्यांचे आपल्याला वर्षातून दोनदा करावे लागते. खाऱ्या पाण्यात झाड जगू शकते हे शिवडीच्या किंवा ऐरोलीच्या खाडीतला तिवर दाखवतो. तो बराचसा क्षार मुळांपाशीच अडवतो, आत आलेला पानांवाटे बाहेर टाकतो, आणि पान चाटून पाहिले तर खारट लागते. चिखलात ऑक्सिजन नाही म्हणून त्याची श्वसनमुळे काड्यांसारखी वर डोकावतात. गुलाबाला आणि मोगऱ्याला यातले काहीच येत नाही.

आठवी पायरी: गावाला जाताना

मेच्या सुट्टीत किंवा गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी शेवटची तजवीज. निघण्याच्या दोन दिवस आधी सगळ्या कुंड्या उन्हातून काढून एका कोपऱ्यात जवळजवळ ठेवाव्यात, कळ्या आणि फुले खुडावीत, पूर्ण भिजवाव्यात आणि वर आच्छादन घालावे. लहान कुंड्यांसाठी झाकण घातलेली पाण्याची बादली मध्ये ठेवून सुती दोरीचे एक टोक तिच्या तळाशी आणि दुसरे कुंडीत चार बोटे खोल पुरावे. दोरी आधी भिजवून घ्यावी, आणि बादलीतली पाण्याची पातळी कुंडीतल्या मातीच्या थोडी खाली असावी, नाहीतर सगळे पाणी एका रात्रीत कुंडीत उतरते. मोठ्या कुंडीत भाजलेले, पण न रंगवलेले, पाझरणारे छोटे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि तोंड झाकावे. माती सुकेल तसे ते पाझरते. गणपतीला जाताना मात्र यातले काही नको. ताटल्या उचलाव्यात आणि छिद्रे तपासावीत.

परतल्यावर एखादे झाड पार वाळलेले दिसले, तर खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवे असेल तर सुकलेल्या फांद्या हिरव्या भागापर्यंत छाटाव्यात, कुंडी एकदा बादलीत बुडवून काढावी, सावलीत ठेवावी आणि नवे कोंब दिसेपर्यंत बोटभर खोलीवरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये, कारण पाने नसलेल्या झाडाचा खर्च जवळजवळ शून्य असतो.